आर्केड एम्युलेटर सुरळीत चालण्यासाठी संगणकात नेमके काय बदलावे?

निरभ्र

मेम या एम्युलेटरवर, म्हणजे जुन्या यंत्रांची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर, जुने आर्केड खेळ सलग, न अडखळता चालावेत म्हणून मी बरीच खटपट केली आहे, तरी मनासारखे जमत नाही. संगणकात सहा कोरचा, काही वर्षांपूर्वीचा प्रोसेसर, १६ जीबी रॅम, मध्यम ताकदीचे ग्राफिक्स कार्ड आणि १४४ हर्ट्झचा मॉनिटर आहे. विंडोजमध्ये वीजवापराची योजना ‘हाय परफॉर्मन्स’वर ठेवली आहे, मागे चालणारे अनावश्यक प्रोग्रॅम बंद केले आहेत आणि ऑटोफ्रेमस्किपही चालू करून पाहिले आहे.

तक्रार तीन खेळांबाबत आहे. ‘मॉर्टल कॉम्बॅट’ (१९९२) मध्ये पार्श्वभूमी सरकताना बारीक बारीक हिसके बसतात. ‘मेटल स्लग २’ (१९९८) मध्ये पडद्यावर शत्रूंची गर्दी झाली की सगळा खेळच संथ होतो. ‘सॅन फ्रान्सिस्को रश’ (१९९६) मध्ये चित्र अडखळते आणि आवाज फाटतो. यांपैकी ‘मेटल स्लग’ ज्या निओ जिओ बोर्डावर (आर्केड यंत्रातल्या इलेक्ट्रॉनिक पाटीवर) चालत असे, त्याचा मुख्य प्रोसेसर १२ मेगाहर्ट्झचा होता. माझा प्रोसेसर त्याच्या शेकडो पट वेगाचा असून त्याला हे झेपू नये, हे मला पटत नाही. ओळखीतल्या सर्वांचे मत आहे की नवे ग्राफिक्स कार्ड घ्यावे. घ्यावे का? आणि नाही, तर सुरुवात कुठून करावी?

कळफलक

ग्राफिक्स कार्ड अवश्य घ्यावे. या तिन्ही खेळांत काडीचाही फरक पडणार नाही, पण संगणकाच्या पेटीत रंगीत दिवे लागतील.

तालमापक

कळफलक यांनी थट्टेत सांगितले असले, तरी ते खरे आहे. मात्र त्याआधी एक साधे मोजमाप करावे. खेळ चालू असताना एफ ११ दाबले की मेम कोपऱ्यात वेगाची टक्केवारी दाखवते. ती सतत १०० टक्के असेल, तर आपल्या संगणकाची ताकद त्या खेळाला पुरेशी आहे, आणि तरीही हिसके दिसत असतील तर त्यांचे कारण ताकदीत नसून दुसरीकडे आहे. टक्केवारी १०० च्या खाली घसरत असेल तरच प्रोसेसर कमी पडतो आहे असे म्हणता येईल. ऑटोफ्रेमस्किप मात्र या मोजमापाआधी बंद करावे, कारण ते चालू असताना मेम फ्रेम, म्हणजे पडद्यावरची एकेक चित्रे, गाळून वेग राखते आणि दुखणे झाकले जाते. शिवाय गाळलेल्या फ्रेमचे हिसके डोळ्यांना दिसतात ते वेगळेच.

याहून नेमके मोजायचे असेल तर आज्ञेच्या ओळीवर खेळाच्या नावासोबत बेंच हा पर्याय देऊन पुढे ९० लिहावे. मेम चित्र आणि आवाज बंद ठेवून, वेगावरचा लगाम काढून, खेळाचे ९० सेकंद शक्य तितक्या लवकर उरकते आणि शेवटी सरासरी टक्केवारी सांगते. ती १५० किंवा अधिक आली, तर चिंतेचे कारण नाही. ११० आली तर सरासरी ठीक दिसली तरी गर्दीच्या प्रसंगी दम लागणार हे समजून घ्यावे, कारण सरासरीत असे प्रसंग बुडून जातात.

आता १२ मेगाहर्ट्झचा प्रश्न. एम्युलेटर त्या एका प्रोसेसरची नक्कल करून थांबत नाही. बोर्डावरचा दुसरा प्रोसेसर, आवाजाची चिप, चित्राची मांडणी करणारी चिप, या सर्वांना तो एकाच कालरेषेवर बांधून ठेवतो. एका चिपने दुसरीला निरोप दिला की तो ठरल्या क्षणीच पोहोचला पाहिजे. हे काम वेगवेगळ्या कोरवर वाटून देणे अवघड असते, कारण प्रत्येक कोरला दुसऱ्याची वाट पाहत बसावे लागते. म्हणून मेमचे बहुतांश काम एकाच कोरवर चालते आणि सहा कोर आहेत की सोळा, यापेक्षा एक कोर किती वेगवान आहे हे महत्त्वाचे ठरते.

या हिशेबाचे टोकाचे उदाहरण म्हणजे ‘पाँग’ (१९७२). त्यात प्रोसेसरही नव्हता आणि प्रोग्रॅमही नव्हता, नुसते इलेक्ट्रॉनिक मंडल होते. त्यामुळे मेमला त्या मंडलाचेच अनुकरण करावे लागते, आणि दोन दांड्या व एक ठिपका एवढ्या चित्रासाठी आजच्या प्रोसेसरला जे कष्ट पडतात, तेवढे वीस वर्षांनंतरच्या मारामारीच्या खेळांसाठीही पडत नाहीत.

पाचवाकोपरा

वरील विवेचन योग्य असले तरी मूळ निवडच चुकते आहे असे माझे मत आहे. १९९७ साली निकोला साल्मोरिया यांनी मेम प्रसिद्ध केले तेव्हापासून त्या प्रकल्पाचा मुख्य हेतू जुन्या यंत्रांचे कामकाज नोंदवून जतन करणे हा राहिला आहे. खेळणाऱ्याची सोय त्यानंतर येते. नुसते खेळायचे असेल तर निओ जिओ आणि कॅपकॉमच्या बोर्डांसाठी फायनलबर्न निओ वापरावे. ते हलके आहे, जुन्या लॅपटॉपवरही सहज चालते आणि अनेक एम्युलेटर एकाच ठिकाणी चालवणाऱ्या रेट्रोआर्कमध्ये कोर म्हणून बसते (हा कोर म्हणजे जोडायचा एम्युलेटर, प्रोसेसरचा कोर नव्हे). तेही जड वाटले तर मेम २००३ नावाचा कोर आहे, तो ०.७८ या आवृत्तीवर आधारलेला आहे आणि अगदी छोट्या यंत्रांवरही धावतो.

अर्धवर्तुळ

फायनलबर्न निओबाबत अनुमोदन, मेम २००३ बाबत नाही. जुनी आवृत्ती वेगवान वाटते ती काही अंशी कमी काम करते म्हणून. तेव्हा ज्या चिपचे वर्तन पुरते उलगडले नव्हते, तेथे अंदाजाने चालवलेले होते. कुठे आवाज चुकीचा, कुठे रंग चुकीचे, कुठे खेळ अर्ध्यावरच थांबे. दुसरी अडचण अशी की रॉमचा, म्हणजे खेळाच्या चिपमधून उतरवलेल्या फाइलींचा, संच एम्युलेटरच्या आवृत्तीशी जुळावा लागतो. नव्या आवृत्तीत एखाद्या चिपची अधिक अचूक प्रत मिळाली की फाइलींची नावे आणि संख्या बदलतात, आणि मग जुना कोर ‘फाइल सापडली नाही’ म्हणत बसतो. या धाग्याचे धागाकर्ते सहा कोरचा प्रोसेसर वापरत आहेत. त्यांनी २००३ सालात परत जाण्याचे काही कारण नाही.

शिवाय फायनलबर्न निओमध्ये ‘रश’सारखे त्रिमिती खेळ मिळणार नाहीत, तेव्हा तिसऱ्या तक्रारीचे उत्तर तेथे नाही.

निरभ्र

तालमापक, आपण सांगितल्याप्रमाणे फ्रेमस्किप बंद करून मोजले. ‘मॉर्टल कॉम्बॅट’ पूर्णवेळ १०० टक्के दाखवते, तरी हिसके कायम आहेत. ‘मेटल स्लग २’ तर मला बुचकळ्यात टाकते: खेळ डोळ्यांदेखत निम्म्या वेगाने चालतो आहे आणि कोपऱ्यात आकडा मात्र १००! ‘रश’ ७० ते ८५ टक्क्यांमध्ये हिंदकळते. एकाच संगणकावर तीन खेळांची तीन वेगळी उत्तरे कशी?

उलटसुलट

कारण तीन वेगळी दुखणी आहेत. मधले मी सांगतो, ते सर्वांत मजेशीर आहे. ‘मेटल स्लग २’ मूळ यंत्रावरही असाच संथ होत असे. पडद्यावर शत्रू, गोळ्या आणि स्फोट वाढले की त्या खेळाच्या प्रोग्रॅमला एका फ्रेमच्या वेळेत सगळे काम उरकता येत नसे. आपला संगणक त्या संथपणाचीसुद्धा निष्ठेने नक्कल करतो आहे, म्हणून आकडा १०० आहे. पुढच्याच वर्षी, १९९९ मध्ये, याच खेळाची सुधारलेली आवृत्ती ‘मेटल स्लग एक्स’ आली. तिच्यात हा संथपणा बराच कमी झालेला आहे. संगणकावर कितीही खर्च केला, तरी ‘मेटल स्लग २’ अचूक एम्युलेटरवर वेगवान होणार नाही.

कळफलक

म्हणजे निरभ्र यांनी प्रोग्रॅम बंद केले, वीजयोजना बदलली, आणि एम्युलेटरने त्याबद्दल त्यांना पूर्वीपेक्षा अधिक अचूक संथपणा दिला.

पाचवाकोपरा

पण इलाज आहे. फायनलबर्न निओच्या कोरमध्ये एम्युलेट केलेल्या प्रोसेसरचा वेग वाढवण्याचा पर्याय आहे. १२ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर २४ चा करावा, संथपणा नाहीसा होतो. मेममध्येही चीटचा पर्याय चालू केला की सरकपट्ट्यांच्या यादीत प्रोसेसरचा वेग बदलण्याची सोय येते. अशा वेळी मूळ यंत्राच्या उणिवेला चिकटून राहण्यात काय अर्थ?

उलटसुलट

अर्थ आहे, आणि तो खेळानुसार बदलतो. ‘स्पेस इनव्हेडर्स’ (१९७८) मध्ये ५५ परग्रहवासी असतात आणि प्रोग्रॅम प्रत्येक फ्रेमला त्यांतील एकालाच पुढे सरकवतो. जितके मारले जातात तितकी उरलेल्यांची पाळी लवकर येते, म्हणून शेवटचे काही जण वेगाने धावत येतात. यंत्राच्या मर्यादेतून निर्माण झालेली ही गतीच त्या खेळाचा प्राण आहे. गोळ्यांचा पाऊस पाडणाऱ्या बऱ्याच खेळांतही कठीण जागी येणारा संथपणा खेळाडूला वाट काढण्याची संधी देतो. तो काढून टाकला तर खेळ जास्त कठीण होतो. ‘मेटल स्लग २’ मध्ये असे काही घडते असे मला वाटत नाही, तेथे आपण खुशाल वेग वाढवावा. मात्र सर्व खेळांना सरसकट हा उपाय लावू नये, कारण काही प्रोग्रॅम प्रोसेसरच्या वेगावरच आपला वेळ मोजतात आणि वेग बदलला की आवाज, घड्याळ यांपैकी काहीतरी बिनसते.

तालमापक

आता ‘मॉर्टल कॉम्बॅट’कडे वळू. ज्याला बहुतेक जण संगणकाची कमजोरी समजतात, ते दुखणे येथे आहे.

आजच्या मॉनिटरचे रिफ्रेश दर, म्हणजे सेकंदाला चित्र किती वेळा ताजे होते तो आकडा, ६०, १२०, १४४ असे ठरावीक असतात. आर्केडच्या बोर्डांना असे कोणतेही बंधन नव्हते. ज्या यंत्रात जो मॉनिटर बसवायचा, त्याला चालेल असा दर बोर्ड बनवणारे ठेवत. ‘पॅक-मॅन’ ६०.६ हर्ट्झवर चालते, निओ जिओ ५९.१९ वर, ‘आर-टाइप’ ५५.०२ वर, आणि ‘मॉर्टल कॉम्बॅट’ ५४.७ वर. ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर ५४.७ फ्रेम दाखवायच्या म्हटल्यावर दर सेकंदाला पाचांहून थोड्या अधिक फ्रेम दोनदा दाखवाव्या लागतात. सरकत्या पार्श्वभूमीत तेवढेच हिसके दिसतात. निओ जिओच्या बाबतीत असा हिसका साधारण सव्वा सेकंदाला एक येतो, म्हणून तो अनेकांच्या लक्षातही येत नाही. ‘पॅक-मॅन’मध्ये उलट घडते: मॉनिटर मागे पडतो आणि मधूनमधून एक फ्रेम गाळली जाते.

१४४ हर्ट्झचा मॉनिटर घेतल्याने हे आपोआप सुटत नाही. १४४ ला ५४.७ ने भागले तर २.६३ येतात, म्हणजे काही फ्रेम दोन चक्रे टिकतात आणि काही तीन. अगदी ६० फ्रेमच्या खेळातही १४४ वर २.४ असा विषम भागाकार येतो. त्यापेक्षा तोच मॉनिटर १२० वर ठेवला तर प्रत्येक फ्रेमला नेमकी दोन चक्रे मिळतात. म्हणून ६० च्या आसपासच्या खेळांसाठी, मॉनिटरचा दर बदलता नसेल तर, १४४ पेक्षा १२० चांगला.

खरा उपाय म्हणजे बदलता रिफ्रेश दर, म्हणजे जी-सिंक किंवा फ्रीसिंक. त्यात मॉनिटर स्वतःच्या ठेक्याने चालण्याऐवजी फ्रेमची वाट पाहतो. पुष्कळ मॉनिटरांची पट्टी ४८ हर्ट्झपासून सुरू होते, म्हणजे ५४.७ तिच्यात बसते. आपल्या मॉनिटरमध्ये ही सोय असेल तर मॉनिटरच्या मेनूत आणि ग्राफिक्स ड्रायव्हरमध्ये, अशा दोन्ही ठिकाणी ती चालू करावी; मेम पूर्ण पडद्यावर चालवावे; वेटव्हीसिंक (मॉनिटरच्या ठेक्याची वाट पाहून फ्रेम दाखवणे) आणि सिंकरिफ्रेश (मॉनिटरच्या दराने खेळ हाकणे) हे दोन्ही बंद ठेवावेत, थ्रॉटल (वेगावरचा लगाम) चालू ठेवावे. मग खेळ आपल्या मूळ वेगाने चालतो आणि मॉनिटर त्याच्या मागे जातो. रेट्रोआर्कमध्येही याच कामासाठी खेळाच्या मूळ फ्रेमदराशी जुळवून घेण्याचा पर्याय व्हिडिओच्या मेनूत दिलेला आहे.

रेघोट्या

ही सोय नसलेल्या मॉनिटरवर काय करावे? माझा साधा ६० हर्ट्झचा आहे.

तालमापक

रेघोट्या, ग्राफिक्स ड्रायव्हरमध्ये स्वतःचा रिफ्रेश दर तयार करता येतो. काही मॉनिटर ५५ हर्ट्झ स्वीकारतात, काही काळा पडदा दाखवून नकार देतात. काही सेकंदांत ड्रायव्हर आपोआप पूर्वीचा दर परत आणतो, त्यामुळे करून पाहण्यास हरकत नाही. जास्त दराच्या मॉनिटरवर ५४.७ च्या दुप्पट, म्हणजे १०९.४ हर्ट्झ ठेवून वेटव्हीसिंक चालू करावे. ‘पॅक-मॅन’सारख्या ६० हून किंचित जास्त दराच्या खेळांसाठी मेममध्ये रिफ्रेशस्पीड नावाचा पर्याय आहे, तो खेळाचा वेग साधारण ९९ टक्क्यांवर आणतो. तेवढा फरक कानाला कळत नाही आणि हिसके जातात.

अर्धवर्तुळ

यात एक धोक्याची सूचना जोडतो. पुष्कळ ठिकाणी सिंकरिफ्रेश चालू करा असा सल्ला डोळे मिटून दिला जातो. तो पर्याय खेळाचा मूळ दर विसरून मॉनिटरच्या दराने खेळ हाकतो. दोन्ही दर अगदी जवळ असतील तरच त्याचा उपयोग होतो. ६० हर्ट्झवर ‘मॉर्टल कॉम्बॅट’ त्याने जवळजवळ १० टक्के जलद धावते, आणि १४४ वर ठेवले तर लढवय्ये अडीच पटींहून जास्त वेगाने एकमेकांवर तुटून पडतात. आवाजाचा भाग मात्र मूळ वेग धरून ठेवण्याची धडपड करतो, म्हणून तो तुटत राहतो.

कळफलक

अडीच पटींनी? इतक्या वेगात मला हरवणाऱ्या संगणकालाही काही कळणार नाही. माझ्यासाठी हा पर्याय फायद्याचा दिसतो.

शून्यविलंब

चित्राबरोबरच हाताचाही विचार व्हावा, कारण ‘सुरळीत’ वाटण्याचा निम्मा भाग बटण दाबणे आणि पडद्यावर हालचाल होणे यांमधल्या वेळेवर अवलंबून असतो. ६० च्या दराने एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची होते. चार ठिकाणी अशा एकेक फ्रेमची भर पडली की उडी मारण्याचा अंदाज चुकायला लागतो.

पहिले ठिकाण मॉनिटर किंवा टीव्ही. चित्र सुधारण्यासाठी टीव्ही ज्या प्रक्रिया करतो, त्यांत बराच वेळ जातो; म्हणून टीव्हीवर गेम मोड चालू करावा. या एका बदलाने जो फरक पडतो, तो पुढच्या साऱ्या सूक्ष्म उपायांनी मिळूनही क्वचितच पडतो. दुसरे ठिकाण नियंत्रक. यूएसबीवर संगणक नियंत्रकाला सेकंदाला १२५ वेळा विचारत असेल तर वाईटात वाईट ८ मिलिसेकंद जातात, १००० वेळा विचारत असेल तर १. तिसरे, व्हीसिंकच्या रांगेत थांबलेल्या फ्रेम. बदलता रिफ्रेश दर वापरला की ही रांग जवळजवळ संपते. मेममध्ये लोलेटन्सी नावाचा पर्यायही आहे, जो वेळ भरण्यासाठी थांबण्याआधीच नवी फ्रेम पडद्यावर पाठवतो. काही त्रिमिती खेळांत त्याने थरथर येते, त्यामुळे तो मुळात बंद असतो. जुन्या द्विमिती खेळांत चालू करावा.

चौथे ठिकाण खुद्द खेळ. विराम देऊन एकेक फ्रेम पुढे नेत बटण दाबून धरावे. मेमच्या नव्या आवृत्त्यांत एफ ५ ने (जुन्या आवृत्त्यांत पी ने) विराम मिळतो आणि शिफ्टसह तीच कळ दाबून एक फ्रेम पुढे जाता येते. खेळाडू कितव्या फ्रेमला हलतो ते मोजले की खेळाचा स्वतःचा विलंब कळतो. पुष्कळ खेळांत तो एक ते तीन फ्रेमचा असतो आणि मूळ यंत्रावरही होता. रेट्रोआर्कमध्ये २०१८ पासून रन-अहेड ही सोय आहे. ती पुढच्या फ्रेम आधीच चालवून पाहते आणि हा आतला विलंबही काढून टाकते. मोजलेल्या विलंबापेक्षा जास्त फ्रेम दिल्या तर मात्र हालचालींमधील सुरुवातीची चित्रे गळतात आणि खेळ उड्या मारताना दिसतो. शिवाय प्रत्येक फ्रेमला संगणकाचे काम वाढते, म्हणून ज्याला बेंचमध्ये भरपूर मोकळीक आहे त्याच खेळावर ती वापरावी.

रेघोट्या

आपल्या सदस्यनामावरून वाटले होते की आपण ते ‘झिरो डिले’ नावाचे स्वस्त यूएसबी बोर्ड विकता.

शून्यविलंब

नाही. त्या नावावर माझ्याइतकाच विश्वास ठेवावा. विलंब मोजून पाहावा.

पाचवाकोपरा

मूळ यंत्राचा संथपणा पवित्र, पण मूळ यंत्राचा विलंब काढून टाकावा, ही भूमिका थोडी सोयीस्कर नाही का?

उलटसुलट

सोयीस्कर आहे. पण मूळ यंत्राला आपल्या मॉनिटरचा, ड्रायव्हरचा आणि यूएसबीचा विलंब नव्हता. ते सर्व जोडून पाच फ्रेम होत असतील आणि रन-अहेडने त्यांतील दोन कमी केल्या, तरी आपण मूळ यंत्राच्या जवळच सरकतो, पुढे जात नाही. प्रोसेसरचा वेग दुप्पट करणे याहून निराळे आहे.

जुनापडदा

सगळे मॉनिटरवर एवढे बोलत आहेत, म्हणून माझी भर. ज्यांच्याकडे १५ किलोहर्ट्झची जुनी नळीची काच, म्हणजे सीआरटी पडदा, आहे, त्यांच्यासाठी ग्रूव्हीमेम ही मेमची वेगळी शाखा आहे. ती प्रत्येक खेळासाठी त्याच्या मूळ रेषा आणि मूळ दराचा सिग्नल तयार करते. त्यातच फ्रेम डिले नावाचा पर्याय आहे. तो फ्रेमच्या सुरुवातीलाच बटणांची स्थिती वाचण्याऐवजी फ्रेमची वेळ संपत येईपर्यंत थांबतो आणि मग वाचतो. प्रोसेसर जितका वेगवान, तितके जास्त थांबता येते. वेगवान प्रोसेसरचा इतका सुंदर उपयोग मी दुसरा पाहिला नाही: त्याला अधिक काम देण्याऐवजी अधिक वेळ स्वस्थ बसवायचे. मात्र नळीच्या काचेसाठी ग्राफिक्स कार्ड आणि ड्रायव्हर निवडून घ्यावे लागतात, आणि चुकीचा सिग्नल गेला तर काचेला इजा होऊ शकते, त्यामुळे माहिती नीट वाचल्याशिवाय हात घालू नये.

नवागत_क्ष

‘रश’चा रॉम कुठे मिळेल?

अर्धवर्तुळ

नवागत_क्ष, हे खेळ कोणाच्या तरी मालकीचे आहेत, त्यामुळे येथे दुवे दिले जात नाहीत. एम्युलेटर नीट बसले आहे का हे तपासण्यासाठी मेमच्या अधिकृत संकेतस्थळावर काही खेळ ठेवलेले आहेत, जे मालकांनी विनामूल्य वापरासाठी मोकळे केले. ‘ग्रिडली’ आणि ‘रॉबी रोटो’ हे त्यांपैकी. मांडणीचे सारे प्रयोग त्यांवर करता येतात.

तालमापक

आता राहिले ‘रश’. त्या बोर्डात थ्रीडीएफएक्सची वूडू ग्राफिक्स चिप होती, म्हणून लोकांना वाटते की तिचे काम ग्राफिक्स कार्डावर जाईल. मेम ते काम कार्डाकडे देत नाही. मूळ चिप प्रत्येक ठिपका जसा काढत होती तसाच तो निघावा म्हणून मेम ती चिपही प्रोसेसरवरच चालवते. वूडूचे रेखाटन अनेक कोरवर वाटले जाते, त्यामुळे येथे सहा कोरचा थोडा उपयोग होतो, पण बोर्डाचा मुख्य प्रोसेसर पुन्हा एकाच कोरच्या वाट्याला येतो. फ्रेमस्किपनेही फारसा लाभ मिळत नाही, कारण पडद्यावर न दाखवलेली फ्रेमसुद्धा खेळाने चिपकडून काढून घेतलेलीच असते.

निरभ्र, दोन गोष्टी तपासाव्यात. डीआरसी हा पर्याय चालू आहे ना ते पाहावे. तो मूळ प्रोसेसरच्या सूचना आपल्या प्रोसेसरच्या सूचनांमध्ये थेट बदलून घेतो आणि बंद असेल तर वेग कोसळतो. दुसरे, बेंचचा आकडा संगणक थंड असताना आणि अर्धा तास खेळल्यानंतर, असा दोनदा घ्यावा. दोहोंत मोठी तफावत आली तर प्रोसेसर तापून स्वतःचा वेग उतरवतो आहे. मग पंख्यावरची धूळ काढणे आणि उष्णतावाहक पेस्ट बदलणे हाच सर्वांत स्वस्त उपाय ठरतो. लॅपटॉप असेल तर तो बॅटरीवर चालवून काहीही मोजू नये.

रेघोट्या

मग ग्राफिक्स कार्ड एम्युलेटरला कधीच लागत नाही असे समजावे का?

शून्यविलंब

तसे नाही. जुन्या नळीच्या काचेचा भास देणारे शेडर, म्हणजे चित्रावर परिणाम चढवणारे छोटे प्रोग्रॅम, मोठ्या रिझोल्यूशनवर कार्डाला चांगलेच कामाला लावतात. ४के पडद्यावर प्रोसेसरसोबत येणारे अंगभूत ग्राफिक्स तेथे धापा टाकते. तसेच सेगाच्या बोर्डांपैकी मॉडेल ३ साठी सुपरमॉडेल आणि नाओमीसाठी फ्लायकास्ट ही एम्युलेटरे चित्राचे काम खरोखर कार्डाकडे देतात, म्हणून नाओमीचे खेळ मेममध्ये रखडतात आणि फ्लायकास्टमध्ये मध्यम संगणकावरही पळतात. पण निरभ्र यांच्याकडे जे कार्ड आहे, ते या सर्वांना पुरेल.

जुनापडदा

डिस्कचे कोणी बोलले नाही. ‘किलर इन्स्टिंक्ट’सारख्या ज्या खेळांच्या यंत्रात हार्ड डिस्क होती, त्यांच्या सीएचडी फाइल (त्या डिस्कच्या प्रती) खेळ चालू असताना वाचल्या जातात. त्या फिरत्या डिस्कवरून एसएसडीवर हलवल्या की मधूनच येणारा ठसका जातो. झिपमधल्या छोट्या रॉमना याने काही फरक पडत नाही, ते सुरुवातीलाच मेमरीत जातात.

निरभ्र

सर्वांचे आभार. माझ्या मॉनिटरमध्ये फ्रीसिंक होते आणि ते मेनूतच बंद होते. ते चालू करून, वेटव्हीसिंक काढून ‘मॉर्टल कॉम्बॅट’ चालवले. पार्श्वभूमी आता तेलावरून घसरावी तशी सरकते. ‘मेटल स्लग २’ साठी फायनलबर्न निओमध्ये प्रोसेसरचा वेग वाढवला आहे, पण उलटसुलट यांच्या आदरापोटी मेममधली प्रत जशीच्या तशी ठेवली आहे. ‘रश’ थंड संगणकावर ८८ टक्के आणि तापल्यावर ७४ टक्के येते, म्हणजे आधी धूळ काढणे आले. त्यानंतरही १०० झाले नाही तर कार्डासाठी बाजूला ठेवलेले पैसे प्रोसेसरसाठी राखून ठेवीन.

एकच शंका उरली आहे. लोलेटन्सी मला ‘मॉर्टल कॉम्बॅट’साठी चालू हवे आहे आणि ‘रश’साठी बंद. प्रत्येक वेळी फाइल बदलत बसावे लागेल का?

अर्धवर्तुळ

गरज नाही. मेमच्या आयएनआय (पर्यायांच्या नोंदी ठेवणाऱ्या) फोल्डरमध्ये त्या खेळाच्या रॉमच्या नावाने एक वेगळी आयएनआय फाइल करावी आणि तिच्यात फक्त बदललेल्या ओळी लिहाव्यात. बाकी सर्व मुख्य फाइलमधून घेतले जाते. मुख्य फाइलची पूर्ण नक्कल करून ठेवू नये, नाहीतर पुढे मुख्य फाइलमध्ये केलेला बदल त्या खेळापर्यंत पोहोचत नाही आणि कारण शोधण्यात संध्याकाळ जाते.

कळफलक

आणि ज्या मित्रांनी कार्ड घ्या म्हणून सांगितले, त्यांचे जुने कार्ड कोणाला खपवायचे होते याचीही चौकशी करावी.